प्रत आणि सूत्र : कार्यालयीन संगणक सज्ज करण्याच्या दोन पद्धतींचा इतिहास

१. विषयाची मर्यादा

कार्यालयात, बँकेत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा विद्यापीठाच्या विभागात नवे संगणक आले म्हणजे ते लागलीच कामास लावता येत नाहीत. त्यांवर ऑपरेटिंग सिस्टिम, संस्थेस लागणारे प्रोग्रॅम, फॉन्ट आणि कळफलक, प्रिंटरची जोडणी, सुरक्षेचे नियम, वापरणाऱ्याचे खाते अशी बरीच सामग्री चढवावी लागते. एका यंत्रापुरता हा उद्योग क्षुल्लक होय. परंतु यंत्रे चाळीस किंवा चार हजार झाली म्हणजे तोच संस्थेच्या कारभारातील एक गंभीर प्रश्न होऊन बसतो. गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाला मुख्यतः दोन उत्तरे देण्यात आली. पहिले असे, की एक यंत्र मनाजोगे सिद्ध करावे, त्याच्या डिस्कची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे व्यवहारात जिला ‘इमेज’ म्हणतात ती, काढून घ्यावी आणि तीच इतर सर्व यंत्रांवर उतरवावी. दुसरे असे, की कारखान्यातून यंत्र जसे येते तसेच राहू द्यावे. ते प्रथम सुरू होऊन इंटरनेटला जोडले गेले, की निर्मात्याच्या क्लाउडमधील सेवेने ते कोणत्या संस्थेचे आहे हे ओळखावे आणि त्या संस्थेने नोंदवून ठेवलेल्या नियमांप्रमाणे त्याची उर्वरित घडण करावी.

विवेचनाच्या सोयीसाठी पहिल्या पद्धतीस आपण ‘प्रतपद्धती’ आणि दुसरीस ‘सूत्रपद्धती’ असे म्हणू. भाषेच्या अभ्यासकास हे दोन शब्द परके वाटण्याचे कारण नाही. एखादा ग्रंथ टिकवावयाचा तर त्याच्या प्रती कराव्या लागतात. उलट, भाषेचे एखादे रूप हवे असेल तर ते साठवून न ठेवता नियमांवरून सिद्ध करता येते. संगणकाच्या घडणीबाबतही हाच भेद आहे. एका मार्गात सिद्ध झालेली अवस्था साठविली जाते, तर दुसऱ्यात ती अवस्था सिद्ध करणारे नियम साठविले जातात.

या दोन पद्धतींचा इतिहास बहुधा ‘जुने गेले, नवे आले’ एवढ्याच शब्दांत सांगितला जातो. तो तितका सरळ नाही. सूत्रपद्धतीची कल्पना क्लाउडच्या पुष्कळ आधीची आहे, आणि प्रतपद्धतीची गरज क्लाउड आल्यानंतरही संपलेली नाही. प्रस्तुत लेखात असे दाखवावयाचे आहे, की या निवडीतील खरा प्रश्न वेगाचा किंवा नावीन्याचा नसून मूळ कोणाच्या हाती राहते आणि संकटकाळी ते कोठून मिळते, याचा आहे.

२. प्रतीचा उदय

संगणकाची स्मृती जशीच्या तशी दुसरीकडे उतरवून घेण्याची कल्पना वैयक्तिक संगणकाहून जुनी आहे. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ‘डीडी’ नावाची आज्ञा १९७० च्या दशकापासून असून, आत काय आहे याची विचारपूस न करता ती डिस्कवरील अंशन्‌अंश उतरवून घेते. परंतु कार्यालयीन व्यवहारात या कल्पनेला महत्त्व आले ते १९९० च्या दशकात, म्हणजे प्रत्येक मेजावर स्वतंत्र संगणक आला तेव्हा.

तत्पूर्वीची रीत हाताने स्थापना करण्याची होती. १९९५ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आलेली ‘विंडोज ९५’ ही ऑपरेटिंग सिस्टिम फ्लॉपीवर घेतल्यास १३ फ्लॉप्यांची होती. त्या एकामागून एक घालाव्या लागत. मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागत. आणि त्यानंतर प्रत्येक प्रोग्रॅमसाठी तोच क्रम पुन्हा आरंभावा लागे. एका यंत्रास अर्धा दिवस लागणे यात नवल नव्हते. शिवाय असे सिद्ध केलेले कोणतेही दोन संगणक नेमके सारखे होत नसत, कारण प्रश्नांची उत्तरे देणारा माणूस थकत असे, बदलत असे आणि विसरत असे.

या अडचणीवरचा प्रभावी उपाय न्यूझीलंडमधून आला. ऑकलंड येथील बायनरी रिसर्च या कंपनीत मरी हॅझर्ड यांनी ‘घोस्ट’ हा प्रोग्रॅम तयार केला आणि १९९६ पर्यंत तो विक्रीस आला. ‘जनरल हार्डवेअर-ओरिएन्टेड सिस्टिम ट्रान्सफर’ या लांबलचक नावाची ही आद्याक्षरे होत. घोस्ट संपूर्ण डिस्कचा आशय एका फाइलीत बांधून ठेवी आणि त्या फाइलीवरून हवी तितकी यंत्रे घडवी. पुढे त्यास आणखी एका युक्तीची जोड मिळाली. प्रतिमा जाळ्यावरून एकदाच प्रक्षेपित करावयाची आणि खोलीतील सर्व यंत्रांनी ती एकाच वेळी ग्रहण करावयाची, अशी ती युक्ती. यामुळे यंत्रांची संख्या वाढली तरी लागणारा काळ जवळजवळ तितकाच राहू लागला. १९९८ मध्ये सिमॅन्टेक या अमेरिकन कंपनीने घोस्ट विकत घेतले. त्यानंतर हे नाव इतके रूढ झाले, की इंग्रजी व्यवहारात ते काही काळ क्रियापदासारखे वापरले जाऊ लागले.

प्रतिमा तयार झाली तरी रिकाम्या यंत्रापर्यंत ती न्यावयाची कशी, हा प्रश्न उरत होता, कारण ज्यावर काहीच नाही ते यंत्र जाळ्याशी बोलणार कसे? त्याचे उत्तर इंटेलच्या पुढाकाराने निश्चित झालेल्या ‘पीएक्सई’ या संकेताने दिले. त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. या संकेतानुसार यंत्राच्या जाळेपत्रिकेतच इतकी बुद्धी ठेवलेली असते, की डिस्क कोरी असली तरी ते सुरू होताना स्थानिक सर्व्हरचा पत्ता विचारू शकते आणि तेथून आरंभीचा प्रोग्रॅम मागवू शकते. याप्रमाणे शतक संपता संपता प्रतपद्धतीची सर्व अंगे पूर्ण झाली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. या रचनेत आदर्श यंत्र, प्रतिमा, सर्व्हर आणि जाळे ही सर्वच संस्थेच्या भिंतींच्या आत होती.

३. तंतोतंत प्रतीचा दोष

हस्तलिखितांच्या परंपरेत प्रतीचा दोष कोणता, हे आपणांस ठाऊक आहे. लेखकाच्या हातून अक्षर सुटते, ओवी मागेपुढे होते, कोणी आपल्या पदरची भर घालतो. ज्ञानेश्वरीची अशी पाठभेदांनी ग्रासलेली स्थिती पाहूनच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठचिकित्सेचे सारे शास्त्र, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसह, या एका गृहीतकावर उभे आहे, की प्रत मूळापासून ढळते.

डिस्कच्या प्रतिमेचा दोष याच्या नेमका उलट निघाला. ती मूळापासून मुळीच ढळत नव्हती आणि तेच अडचणीचे ठरले. विंडोज एनटी या प्रणालीत स्थापनेच्या वेळी प्रत्येक यंत्रास एक सुरक्षा-ओळखक्रमांक मिळतो, व त्या यंत्रावरील खात्यांचे क्रमांक त्यापासून बनतात. प्रतिमेवरून शंभर यंत्रे घडविली म्हणजे शंभरांचाही क्रमांक एकच होई. प्रतीमध्ये आशय जावा पण ओळख जाऊ नये, ही गोष्ट आशय आणि ओळख एकाच डिस्कवर असल्यामुळे आपोआप होण्यासारखी नव्हती. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी यासाठी ‘न्यूसिड’ हे उपकरण रचले. मायक्रोसॉफ्टने ‘सिसप्रेप’ नावाचा प्रोग्रॅम दिला. प्रतिमा काढण्यापूर्वी तो यंत्राच्या व्यक्तिगत खुणा पुसून टाकतो आणि पुढच्या आरंभी त्या नव्याने निर्माण व्हाव्यात अशी व्यवस्था करतो.

या प्रकरणाचा पुढचा इतिहास बोधप्रद आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये स्वतः रुसिनोविच यांनीच असे प्रतिपादन केले, की यंत्रांचे ओळखक्रमांक सारखे असण्याने व्यवहारात काही बिघडत नाही, आणि न्यूसिड मागे घेण्यात आले. मायक्रोसॉफ्टचा अधिकृत नियम मात्र सिसप्रेप वापरलेच पाहिजे हाच राहिला, कारण पुसावयाच्या खुणांत हा क्रमांक एकटाच नव्हता. पुष्कळांनी प्रतिपादन लक्षात ठेवले आणि नियम सोडून दिला. २०२५ च्या उत्तरार्धात विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत सुरक्षेची तपासणी कडक करण्यात आली, तेव्हा सारखे क्रमांक असलेली यंत्रे परस्परांस आपली ओळख पटवू शकेनाशी झाली, आणि ती योग्य रीतीने पुन्हा घडविण्याचा सल्ला मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला. सोळा वर्षे निरुपद्रवी वाटलेला दोष अशा रीतीने वर आला. जो दोष आज बाधत नाही तो दोषच नव्हे, असे अनुमान किती घाईचे असते, याचे हे चांगले उदाहरण होय.

प्रतपद्धतीचा दुसरा दोष यंत्रभेदाचा. आरंभीच्या प्रतिमा विशिष्ट जातीच्या यंत्रास बांधलेल्या असत. यंत्राचे मॉडेल बदलले की प्रतिमाही निराळी लागे. पाच प्रकारची यंत्रे आणि चार प्रकारचे विभाग असले तर प्रतिमांची संख्या वीसवर जाई. विंडोज व्हिस्टासोबत २००६ मध्ये आलेल्या ‘विम’ या नव्या प्रतिमाप्रकाराने हा भार हलका केला. त्यात डिस्कचे अंश न साठविता फाइली साठविल्या जातात, एकच फाइल अनेक प्रतिमांत असली तरी एकदाच ठेवली जाते, आणि एकच प्रतिमा भिन्न मॉडेलांवर उतरविता येते.

तिसरा दोष काळाचा, आणि तो सर्वांत खोल आहे. प्रतिमा ज्या दिवशी काढली त्या दिवसाचे ते चित्र असते. सुरक्षेच्या सुधारणा दर महिन्यास येतात; प्रतिमा मात्र जेथल्या तेथे राहते. सहा महिन्यांपूर्वीच्या प्रतिमेवरून घडविलेले यंत्र जन्मतःच सहा महिने मागे असते. ती ताजी करावयाची तर आदर्श यंत्र पुन्हा सिद्ध केले पाहिजे, आणि ते करणाऱ्या माणसाने मूळ यंत्र कसे घडविले होते हे बहुधा कोठेच लिहून ठेवलेले नसते. भाषाविज्ञानाच्या प्रयोगशाळेचेच उदाहरण घ्यावे. ध्वनिविश्लेषणासाठी प्राट, दृक्‌श्राव्य सामग्रीच्या टिपणासाठी एलान, देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक, आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीचे फॉन्ट, ध्वनिमुद्रणाच्या विशिष्ट मांडण्या हे सारे एका जाणत्या हाताने एकदा बसविलेले असते. प्रतिमेत ते सर्व असते. पण काय आहे आणि का आहे हे प्रतिमा सांगत नाही. तो माणूस निवृत्त झाला म्हणजे संस्थेपाशी कृती उरते, कृतीचे ज्ञान उरत नाही.

४. सूत्राची पूर्वपीठिका

या शेवटच्या दोषाची जाणीव व्यक्तिगत संगणकांच्या जगाबाहेर, युनिक्सच्या जगात, आधीच झालेली होती. ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ‘सीएफइंजिन’ या प्रकल्पास आरंभ केला. यंत्राची इष्ट अवस्था एका घोषणापर भाषेत लिहावयाची आणि यंत्रावरील प्रोग्रॅमने वेळोवेळी प्रत्यक्ष अवस्था तपासून तिला इष्ट अवस्थेकडे नेत राहावयाचे, ही त्यामागची कल्पना. त्याच दशकात रेड हॅट लिनक्सची ‘किकस्टार्ट’ ही रीत प्रचारात आली. तीत स्थापनेच्या सर्व प्रश्नांची उत्तरे एका साध्या मजकुरी फाइलीत आगाऊ लिहून ठेवलेली असतात. प्रतिमा वाचता येत नाही. ही फाइल मात्र कोणासही उघडून वाचता येते, तिच्यावर चर्चा करता येते आणि चूक सापडल्यास एक ओळ दुरुस्त करता येते.

या विचारास शास्त्रीय बैठक देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न स्टीव्ह ट्रॉगॉट व लान्स ब्राउन यांनी २००२ मध्ये, यंत्रव्यवस्थापकांच्या ‘लिसा’ या परिषदेत वाचलेल्या निबंधात केला. त्यांनी यंत्रसमूहाच्या तीन गती मानल्या. यंत्रे कालांतराने एकमेकांपासून दूर जातात ती अपसरणाची गती. नियमांच्या बळाने ती हळूहळू इष्ट रूपाकडे येतात ती अभिसरणाची. आणि आरंभापासून सर्व बदल ठरल्या क्रमाने केल्यामुळे ती वर्णनाशी तंतोतंत जुळलेली राहतात ती एकरूपतेची. त्यांचा आग्रह असा, की नियम तेच असले तरी त्यांचा क्रम बदलल्यास फळ बदलते. पाणिनीय व्याकरणाच्या अभ्यासकास हे नवीन नाही. अष्टाध्यायीच्या अखेरच्या तीन पादांतील सूत्रांचे कार्य पूर्वीच्या सूत्रांच्या दृष्टीने असिद्ध मानले जाते, म्हणजे तेथे सूत्रांचा क्रम हाच नियमाचा भाग होतो. यंत्रघडणीत सूत्र आले म्हणजे क्रमाचा प्रश्नही आलाच. आजही क्लाउडमार्गे घडविलेल्या यंत्रांवर एखादा प्रोग्रॅम त्याला आवश्यक असलेल्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आधी येऊन पोचतो आणि स्थापना फसते, ही तक्रार याच कुळातील आहे.

तेव्हा सूत्रपद्धती ही क्लाउडची निर्मिती नव्हे, हे येथवर स्पष्ट झाले असेल. संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर, स्वतःच्या भाषेत लिहिलेल्या सूत्रांनी यंत्रे घडविता येतात हे १९९० च्या दशकातच सिद्ध झालेले होते. क्लाउडने जे नवे आणले ते सूत्र नव्हे, तर सूत्राच्या मुक्कामाचे स्थलांतर.

५. क्लाउडचे आगमन

हे स्थलांतर प्रथम ठळकपणे दिसले ते ॲपलच्या यंत्रांत. २०१४ मध्ये ॲपलने संस्थांसाठी यंत्रनोंदणीची योजना सुरू केली. संस्थेने यंत्र विकत घेतले की त्याचा अनुक्रमांक तिच्या नावे नोंदला जाई. यंत्र प्रथम सुरू होताना ॲपलच्या सर्व्हरला विचारी आणि तेथून त्यास आपल्या संस्थेच्या व्यवस्थापन-सेवेचा पत्ता मिळे. मायक्रोसॉफ्टची ‘इन्ट्यून’ ही क्लाउडस्थित व्यवस्थापन-सेवा २०११ पासून होती. २०१७ मध्ये तिला ‘ऑटोपायलट’ची जोड मिळाली. येथे विक्रेता किंवा संस्था यंत्राच्या घटकांवरून काढलेला एक ओळखसंकेत आधीच नोंदवून ठेवते. वापरणारा पेटी उघडतो, यंत्र इंटरनेटला जोडतो, आपल्या संस्थेचे खाते व पासवर्ड देतो, आणि नियम व प्रोग्रॅम एकामागून एक उतरू लागतात. यंत्र संस्थेच्या कचेरीत येण्याची गरजच राहत नाही.

या पद्धतीत डिस्क पुसली जात नाही. कारखान्याने घातलेली ऑपरेटिंग सिस्टिम तशीच राहते आणि संस्था तिच्यावर आपले संस्कार करते. प्रतपद्धतीत यंत्राचा आरंभ संस्थेपासून होई. येथे तो निर्मात्यापासून होतो. मराठी बोलण्यातील शब्दयोजनेतही हा पालट दिसतो. ‘विंडोज टाकणे’, ‘फॉर्मॅट मारणे’ या रूढ प्रयोगांत यंत्र हे निव्वळ कर्म आहे आणि करणारा माणूस त्याच्या शेजारी बसलेला आहे. नव्या पद्धतीचे क्रियापद ‘नोंदणी करणे’ हे आहे. आणि नोंदणी म्हटली म्हणजे कोणाच्या तरी वहीत नाव घालणे आले. ती वही संस्थेची नसते.

ॲपलच्या बाबतीत लवकरच निवडीलाही वाव उरला नाही. २०१७ च्या ‘हाय सिएरा’ आवृत्तीबरोबर नवी फाइलव्यवस्था आली. तिला यंत्राच्या अंतर्गत प्रोग्रॅममध्येही बदल लागत आणि तो बदल प्रतिमेवरून होत नसे. म्हणून श्रेणीवाढीसाठी संपूर्ण प्रतिमा वापरू नये असे ॲपलने सांगितले. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून आलेल्या टी२ चिपच्या यंत्रांत जाळ्यावरून आरंभ करण्याची जुनी सोय काढून टाकण्यात आली. विंडोजच्या जगात पालट सावकाश झाला. तेथेही २०२१ मध्ये विंडोज ११ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जाळेस्थापना-सेवेचा एक प्रमुख उपयोग बंद करण्यात आला. परंतु प्रतिमा काढणे व उतरविणे यांची साधने कायम राहिली.

पालटाला वेग दिला तो २०२० च्या महामारीने. भारतात त्या वर्षीच्या २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. त्याआधीच्या दिवसांत दूरसंचार विभागाने घरून काम करण्यावरचे निर्बंध तात्पुरते शिथिल केले, आणि पुणे, मुंबई, बंगळूर येथील कंपन्यांना मेजावरचे संगणक उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोचवावे लागले. ज्या पद्धतीचा सारा आधार एका इमारतीतील जाळ्यावर होता, तिची इमारतच रिकामी झाली. कर्मचाऱ्याच्या घरी थेट पोचलेले यंत्र स्वतःच सिद्ध होते, ही सूत्रपद्धतीची गोष्ट तोपर्यंत सोयीची वाटत होती. आता ती अपरिहार्य वाटू लागली.

६. दोन आपत्तींची साक्ष

कोणत्याही व्यवस्थेचे खरे स्वरूप ती मोडते तेव्हा दिसते. या दृष्टीने दोन घटनांची साक्ष घेणे उपयुक्त होईल.

पहिली घटना २७ जून २०१७ ची. ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक प्रोग्रॅम युक्रेनमधून पसरला आणि मर्स्क या डॅनिश नौवहन कंपनीचे जाळे काही तासांत कोसळले. आपल्याकडे न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळित झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभारावे लागले. ही उभारणी शक्य झाली त्याचे एक कारण असे, की खाती व अधिकार यांची मूळ नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी घाना देशातील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता आणि म्हणून वाचला. इतर सर्व प्रती एकमेकींशी अखंड जोडलेल्या होत्या; त्यामुळे त्या एकत्रच नष्ट झाल्या. मूळाच्या प्रती पुष्कळ असणे पुरेसे नाही, त्यांतील एक तरी जाळ्यापासून अलग असली पाहिजे, हा या घटनेचा धडा. तो प्रत आणि सूत्र या दोहोंना सारखाच लागू आहे.

दुसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने क्लाउडमधून पाठविलेल्या एका सदोष फाइलीमुळे विंडोजची यंत्रे सुरूच होईनाशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांची संख्या ८५ लाख होती. भारतातील विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. येथे डिस्क नष्ट झालेली नव्हती आणि दुरुस्तीही एक फाइल काढून टाकण्याइतकी सोपी होती. परंतु क्लाउडमधील सेवा यंत्राशी बोलते ती त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या द्वारे, आणि तीच उभी राहत नसल्यामुळे दूरवरून काहीच करता येईना. हजारो ठिकाणी माणसाला यंत्रापाशी जाऊन बसावे लागले. डिस्क कुलूपबंद असल्यास ४८ अंकी किल्ली टंकावी लागली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत जी दुरुस्ती-साधने दिली, त्यांत एक रीत पीएक्सई संकेतावर, म्हणजे १९९९ च्या त्या स्थानिक जाळ्याच्या आरंभमार्गावर, आधारलेली होती. ज्या संस्थांनी तो मार्ग राखला होता त्यांना त्याचा उपयोग करता आला.

या दोन घटना परस्परविरुद्ध पक्षांचे पुरावे म्हणून मांडता येतील, पण तसे करणे योग्य होणार नाही. पहिलीत स्थानिक जाळे हेच विनाशाचे वाहन झाले. दुसरीत क्लाउड हे वाहन झाले आणि स्थानिक जाळे उपयोगी पडले. दोहोंत समान अशी गोष्ट एकच. ज्या ठिकाणी सर्व अधिकार एकवटलेला असतो, त्याच ठिकाणची चूक सर्वत्र पोचते.

७. निवडीचे निकष

आता व्यवहाराकडे वळू. ज्या संस्थेस आज निवड करावयाची आहे, तिने कोणते प्रश्न विचारावेत?

पहिला प्रश्न यंत्रे कोठे आहेत हा. चाळीस यंत्रांची एक प्रयोगशाळा कल्पावी आणि प्रत्येकावर २० गिगाबाइट सामग्री चढवावयाची आहे असे धरावे. प्रत्येक यंत्राने ती स्वतंत्रपणे क्लाउडमधून घेतल्यास ८०० गिगाबाइटचा भार होतो. सेकंदास १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण क्षमतेने मिळाली तरी त्यास सुमारे १८ तास लागतील. शेजारच्या यंत्रांनी परस्परांत सामग्री वाटून घेण्याची सोय वापरल्यास हा भार कमी होतो, परंतु ती सोय नीट बसवावी लागते. तीच सामग्री प्रतिमेच्या रूपाने सेकंदास एक गिगाबिटच्या स्थानिक जाळ्यावर सर्वांना एकदम प्रक्षेपित केली, तर गणिताने तीन मिनिटांहून कमी वेळ पुरतो. प्रत्यक्षात डिस्कची गती आणि इतर अडथळे धरूनही काम तासाभरात आटोपते. उलट, यंत्रे शंभर गावांतील शंभर घरांत असली तर स्थानिक जाळे हा शब्दच निरर्थक होतो आणि क्लाउडला पर्याय राहत नाही.

दुसरा प्रश्न यंत्र कोणाचे आहे हा. प्रयोगशाळेतील यंत्र कोणा एकाचे नसते; प्रत्येक सत्रारंभी ते पूर्ववत व्हावे हीच अपेक्षा असते, आणि पूर्ववत करणे हे प्रतीचे स्वाभाविक काम आहे. प्राध्यापकाच्या किंवा कर्मचाऱ्याच्या हातचे यंत्र त्याच्या खात्याभोवती वाढते आणि नियम बदलले की त्यालाही बदलावे लागते. हे सूत्राचे काम आहे.

तिसरा प्रश्न अधिकाराचा. क्लाउडमार्गाने यंत्र सिद्ध होण्यासाठी निर्मात्याची सेवा चालू असली पाहिजे, तिची वर्गणी भरलेली असली पाहिजे आणि इंटरनेट पोचले पाहिजे. ऑटोपायलटला इन्ट्यूनसारखी व्यवस्थापन-सेवा आणि मायक्रोसॉफ्टच्या ओळखसेवेचा सशुल्क परवाना लागतो. यात गैर काही नाही. पण हा खर्च एकदाचा नसून दरवर्षीचा आहे, आणि अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत वर्गणी खंडित झाल्यास यंत्रांच्या घडणीची सूत्रेच परक्या कोठारात अडकून पडतात. प्रतिमा जुनी होते, परंतु कपाटात असते.

या तिन्ही प्रश्नांचा विचार करता असे दिसते, की बहुतेक विद्यापीठांना दोन्ही मार्ग ठेवावे लागतील: स्थिर प्रयोगशाळांसाठी प्रत आणि फिरत्या यंत्रांसाठी सूत्र. परंतु एवढ्याने काम भागत नाही. कोणताही मार्ग पत्करला तरी यंत्राच्या घडणीचे वर्णन संस्थेच्या स्वतःच्या भाषेत, वाचता येईल अशा मजकुरात, संस्थेच्याच दप्तरात असले पाहिजे. कोणते प्रोग्रॅम, कोणत्या आवृत्तीचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या मांडणीसह आणि कोणत्या कारणासाठी, हे सर्व त्यात यावे. प्रतिमा काढावयाची असली तरी ती हाताने सजविलेल्या यंत्रावरून न काढता अशा लिखित सूत्रांवरून आपोआप घडविलेल्या यंत्रावरून काढावी. म्हणजे दर महिन्यास ती नव्याने काढता येते आणि तिचा तिसरा दोष, काळाचा, बव्हंशी नाहीसा होतो. क्लाउडमध्ये नियम नोंदविले असले तरी त्यांची उतरवून घेतलेली प्रत आणि आरंभ करून देणारे एक साधन जाळ्यापासून अलग ठेवावे.

प्रत आणि सूत्र हे एकमेकांचे वैरी नव्हेत. ग्रंथपरंपरेत ज्यांनी पाठ जतन केला त्यांनी व्याकरणही जतन केले, कारण व्याकरणावाचून पाठाची शुद्धाशुद्धता ठरविता येत नाही आणि पाठावाचून व्याकरणास विषय उरत नाही. यंत्रांच्या बाबतीत आपल्या संस्थांनी आजवर बहुधा केवळ प्रती केल्या, आणि आता त्या केवळ नोंदणी करू लागल्या आहेत. यांच्यामधली पायरी, म्हणजे आपले यंत्र कसे घडते हे स्वतः जाणून लिहून ठेवणे, ही वगळली गेली आहे. पुढील खरेदीचे प्रस्ताव विभागांपुढे येतील तेव्हा यंत्रांच्या किमतीबरोबर या लेखी वर्णनाचीही मागणी करण्यात यावी, एवढेच या विवेचनावरून सुचवावयाचे आहे.